मुरुड ते सातारा : १८७५ ची एक पायपीट

दापोली तालुक्यातील मुरुड आणि सातारा यांच्यामध्ये शंभराहून अधिक मैलांचे अंतर आणि सह्याद्रीची रांग असून, १८७५ च्या पावसाळ्यात धोंडो केशव कर्वे या सतरा वर्षांच्या मुलाने सोबत्यांसह ते एका परीक्षेसाठी पायी तोडले. ‘पब्लिक सर्व्हिस’ ही मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा म्हणजे त्या काळी सरकारी नोकरीची पहिली पायरी होती, आणि पावसाळी समुद्राचा भरवसा नसल्याने परीक्षेचे केंद्र गाठण्यास डोंगराचीच वाट उरली होती. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त कर्व्यांनी हा अनुभव स्वतः सांगितला आहे.

वाटेचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज या पायपिटीचे मोल कळत नाही. कोकणातील पाखाडी, म्हणजे जांभ्याचे चिरे बसवून केलेली चढउताराची वाट, उन्हाळ्यात सुखाची असते. परंतु श्रावण-भाद्रपदात तिच्यावर शेवाळ धरते आणि अनवाणी पाऊलही आडवे टाकून, अंगठा चिऱ्याच्या कडेला रोवूनच उतरावे लागते. गाव सुटले की पाखाडीही सुटते, आणि पुढे तांबडा चिखल, भातखाचरांचे बांध व वहाळ, म्हणजे पावसाळी ओढे, एवढेच उरतात. वहाळाला लोंढा आला तर पाणी ओसरेपर्यंत काठावर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. चिपळूणकडून कोयनेच्या खोऱ्यात चढणारा कुंभार्ली घाट त्यानंतरचा, आणि पाटण मागे पडल्यावरही साताऱ्याची मजल शिल्लकच राही.

इतके करून सातारा गाठल्यावर, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे परीक्षेची सतरा वर्षांची अट पुरी होऊन काही महिने लोटले होते. तेव्हा हा निर्णय अन्यायाचाच होता, असे म्हणणे भाग आहे. पुढे कोल्हापूरला जाऊन ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले, तथापि साताऱ्याची ती निराशा त्यांच्या मनातून गेली नाही, याची साक्ष चाळीस वर्षांनंतरचे आत्मचरित्र देते.

परीक्षेसाठी अशी पायपीट केलेल्या कर्व्यांचे स्त्रीशिक्षणातील पुढचे कार्य सर्वश्रुत आहे. खेड्यांतील शाळांविषयीची त्यांची कळकळ मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, ते जेथे शाळाच नव्हत्या अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी.