उलट्या क्रमाचे डबे

फ्रँकफर्टला पासपोर्टावर शिक्का पटकन पडला. सामानाच्या पट्ट्याने मात्र ताटकळत ठेवलं. गर्दी पांगली, बॅगा विरळ झाल्या, शेवटी कुणाची तरी बाबागाडी तेवढी एकटी फेऱ्या मारत राहिली. आमची स्वयंपाकघराची बॅग आलीच नाही. कुकर, तवा, गोडा मसाला, भाजणी, ज्वारीचं पीठ, सगळं तिच्यात. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तूप काढलं, नाहीतर तेही गेलं असतं!" तूप काढायला लावलं होतं आमच्या लेकीने. बाहेरून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत, हे तिने पुण्यातच वाचून ठेवलं होतं आणि त्यापायी आजीचा रुसवाही सोसला होता.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर एक तक्ता पुढे आला. बॅगांची छोटी छोटी चित्रं, प्रत्येकाला आकडा, शिवाय रंगांचे चौकोन. आपली बॅग बोट ठेवून दाखवायची. यांनी निळ्यावर बोट ठेवलं, मी काळ्यावर. "राखाडी आहे, बाबा. चार चाकं. मुठीला आजीने बांधलेली लाल नाडी," असं म्हणत लेकीने फोनमधला फोटोच समोर धरला. त्यानंतर खिडकीतल्या बाईंनी सगळे प्रश्न तिलाच विचारले. घरी ज्यांच्या होकाराशिवाय पडद्याचं कापडसुद्धा ठरत नाही, ते गृहस्थ शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या एकटेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. घरातली ज्येष्ठता किती झटकन पालटते, हे क्वचितच कुणी सांगतं. आपल्याकडे मोठेपण बरंचसं माहितीवर उभं असतं. कुठल्या कचेरीत कुणाला भेटायचं, कुठे घासाघीस करायची, कुठे गप्प बसायचं. ती सारी शिदोरी विमान उतरताक्षणी निरुपयोगी होते. मुलं सरळ पाटी वाचतात.

स्टुटगार्टच्या गाडीपाशी तेच झालं. आमचा डबा जिथे थांबणार तिथे आम्ही आधीच जाऊन उभे होतो. कर्ण्यातून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं गेलं आणि फलाटावरचे लोक एकाएकी उलट दिशेने चालू लागले. "डबे उलट्या क्रमाने लागलेत! आपला पार तिकडे!" लेक ओरडली. मग काय, वरात निघाली. सासूबाईंनी पदर खोचला आणि धाकट्याचा हात धरून त्या आमच्याही पुढे गेल्या. शेवटी मिळेल त्या दारातून चढलो आणि बॅगा ओढत आतून डब्यामागून डबे पार केले.

स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे म्हणे. पुणेकराला तर ते पहिल्या नजरेत आपलं वाटावं. स्टेशनच्या नव्या बांधणीचं काम २०१० पासून चाललेलं, फलाटावरून बाहेर पडायला भलामोठा वळसा. वार रविवार, दुकानं बंद. रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेतच आहे. स्टेशनातलं एक दुकान उघडं सापडलं, तिथून पाव आणि दही घेतलं. सासूबाईंच्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली. ती त्यांनी दोन्ही विमानतळांवरून कशी आणली, हे मी विचारलं नाही. एरवी मी इतकी चवीने जेवत नाही.

माँट्रियल कराराप्रमाणे २१ दिवसांत सामान आलं नाही, तर ते हरवलं असं धरून भरपाई मागता येते. हे वाचून यांना हुरूप आला. लगेच यादी करायला बसले आणि भाजणीपाशी अडले. सासूबाईंनी स्वतः भाजून दळून आणलेल्या पिठाची किंमत काय लावणार? युरोत?

यादी पुरी होण्याआधीच बॅग दारात आली. नाडी शाबूत होती. सासूबाईंनी कुकर पुसून शेगडीवर चढवला. शेगडी काचेची, इंडक्शनची. दिवा लुकलुकला आणि विझला. लेकीने फ्रिजवरचं चुंबक काढून कुकरच्या बुडाला लावून पाहिलं. ते घसरून खाली पडलं.

"अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आजी. नाही तापणार."

"आणि तवा?"

लोखंडी तव्याला चुंबक टपकन चिकटलं.

"मग आज भाकरी," सासूबाई म्हणाल्या आणि परात शोधू लागल्या.