गंजाशी सामोपचार

रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याला मोटारीचे विशेष वेड असावे. आमची जुनी ॲम्बॅसडर वरून अजून ठाकठीक दिसते. परंतु मागचे पाटे उतरविण्याचे ठरले आणि पोटाखालची सारी दुखणी उघडी पडली. पाटा जिला टांगलेला असतो, ती शॅकलची पिन आपल्या पट्टीशी एकजीव होऊन बसली होती. गंजाने लोखंड झिजते एवढेच आपण जाणतो. पण गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि पिन पाचरीसारखी आवळली जाते.

गॅरेजातील पोराने घण उचलला. मेस्त्रींनी तो शांतपणे काढून घेतला. त्यांची भीती रास्त होती. ह्या गाडीला निराळी चौकट नाही. पाटे सांगाड्याच्या पत्र्यालाच टांगलेले. पिनेऐवजी तो पत्राच फाटला तर? उत्तरपाड्याचा कारखाना तर २०१४ सालीच थांबला. नवा सांगाडा आणावयाचा कोठून?

मग तीन दिवस तेलाचा अभिषेक चालला. चौथ्या दिवशी तेल पुसून, पेट्रोलची टाकी उतरवून, गॅसची ज्योत. नट तापून प्रसरण पावावा, आतला बोल्ट त्या मानाने थंड राहावा, आणि केसाएवढ्या फटीत गंजाची पकड सुटावी, असा हिशेब. पाना किंचित आवळावयाचा, किंचित उलटा, पुन्हा तसेच. मोटारीखाली उताण्या पडलेल्या माणसाचा हा संयम मी पुष्कळ विद्वानांतही पाहिलेला नाही.

डावी पिन कुरकुरत निघाली. उजवी बधली नाही. तिला करवतीने कापावे लागले. नव्या पिना बसविताना मेस्त्रींनी आट्यांना ग्रीस मात्र सढळ हाताने फासले. पुढे कधी तरी त्या काढणाऱ्याची काळजी ते आजच घेत होते.