आठ सेकंद पुढचा नेम

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी ‘वसमत’ म्हणायचे आणि लगेच ‘नांदेडजवळ’ जोडायचे. (हिंगोलीकरांनो, माफ करा.) हल्ली सांगते, ‘लायगो-इंडिया होतंय ना, त्याच्या शेजारचा तालुका.’ समोरचा आणखीच गोंधळतो.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळचा हा प्रकल्प. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. निर्वात पाइपमधून लेझर जाणार, टोकाच्या आरशावरून परतणार. गुरुत्वीय लहर आली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनहून हजारो पट बारीक फरक पडतो, तो पकडायचा. त्यासाठी ४० किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगायचे आणि किरण ढळू नये म्हणून त्यांचा कोन सतत सावरत राहायचं.

माझ्या मावसभावाला मात्र वेड आहे ‘लिसा’चं. तो वसमतलाच बी.एस्सी. करतो, फिजिक्स घेऊन. लिसा म्हणजे हाच खेळ, पण अंतराळात. युरोपीय अंतराळ संस्थेने जानेवारी २०२४मध्ये मंजूर केलेली मोहीम. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, आणि मध्ये फक्त लेझर.

‘ताई, नेम कसा धरत असतील?’ त्याचा प्रश्न. मग मीही वाचत बसले. किरण तिथे पोचेपर्यंत सुमारे २० किलोमीटर पसरतो. ऐकायला ढगळ वाटतं ना? पण इतकाच आवळलेला झोत वसमतहून पुण्यावर धरला, तर उजेड पडेल जेमतेम एका रिक्षाएवढ्या जागेत! आधी ताऱ्यांवरून दिशा ठरवायची, मग किरण फिरवत समोरचं यान शोधायचं, सापडलं की धरून ठेवायचं. २०१८मध्ये ग्रेस-एफओच्या दोन उपग्रहांनी २२० किलोमीटरवरून हे करून दाखवलं.

पण खरा फंडा पुढेच आहे. प्रकाशाला तिथे जायला ८ सेकंद लागतात. तेवढ्यात समोरचं यान सरकलेलं असतं. म्हणून ते जिथे दिसतं तिथे नाही, जिथे असणार आहे तिथे किरण सोडायचा.

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली २०१६मध्ये, तेव्हा हा पोरगा प्राथमिक शाळेत होता. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३मध्ये, २,६०० कोटींची. लिसाचं उड्डाण २०३५मध्ये ठरलंय. तेव्हा तो माझ्या आजच्या वयाचा असेल.

मावशीला हे आकडे नकोत. परवा तिचा फोन, ‘तिथं आपल्या लेकराला घेतेत का गं? का पोलीस भरतीचा फॉर्म भरू दे?’

मी म्हटलं, भरू दे. आणि एम.एस्सी.साठी आयआयटीच्या ‘जॅम’चाही भरू दे. फी मी देते.