नट्टापट्टा

ऑडी टीटी रोज हिंजवडीला नेणाऱ्या माणसाला वाटेतले गतिरोधक तोंडपाठ असतात. तरीही मागच्या बंपरखाली बाहेरून आणलेला डिफ्यूझर बसवायचा माझा हट्ट होताच. रविवारी गाडी जॅकस्टँडवर चढवली. बंपरची खालची कड स्पिरिटनं पुसली. चिखलाचा काळा थर निघता निघेना. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप फक्त आधाराला, खरा भार स्क्रूंवर. ड्रिल मारण्याआधी आतून हात घालून पार्किंग सेन्सरची वायर चाचपली. सायलेन्सरच्या नळीपासून प्लॅस्टिक पुरेसं लांब राहील असं घासून घेतलं, नाहीतर वितळायचं.

उपयोग? खरा डिफ्यूझर गाडीखालून वेगानं येणाऱ्या हवेला पसरायला जागा देतो. खालचा दाब घटतो, गाडी रस्त्याला चिकटते. 2009 मध्ये ब्रॉन संघानं दुहेरी डिफ्यूझरच्या जोरावर फॉर्म्युला वनच्या मोसमाची सुरुवात गाजवली आणि जेन्सन बटन विश्वविजेता झाला. पण डिफ्यूझरला सपाट तळ हवा, वेग हवा. वाकडच्या पुलाखाली पहिल्या गिअरमध्ये रखडताना हवा कसली पसरतेय! माझा डिफ्यूझर हा शुद्ध नट्टापट्टा आहे, आणि मला तो आवडतो.

तुम्हीही बसवणार असाल, तर गाडीत माणसं-सामान भरून मगच रस्त्यापासूनचं अंतर मोजा.