आम्ही दोघे आणि आंब्याचे टार्ट

लग्नाचा वाढदिवस ही गोष्ट आपल्या कष्टकरी घरांत तशी अलीकडची. मुलांचे वाढदिवस आपण करू लागलो, केक आणू लागलो, फुगे बांधू लागलो. पण नवरा-बायकोचा म्हणून वर्षातला एक दिवस असावा, त्या दिवशी दोघांनी एकमेकांसाठी काही करावे, याची आपल्याला अजून लाज वाटते. शेजारी काय म्हणतील? मुले हसतील का? आणि केलेच काही, तर त्या दिवशीही गॅसपुढे कोण उभे? बायकोच. तिच्याच लग्नाच्या वाढदिवसाला तिनेच पुरण वाटायचे, पोळ्या लाटायच्या, सर्वांना वाढायचे आणि शेवटी उरलेसुरले घेऊन जेवायला बसायचे.

आम्ही दोघांनी गेल्या काही वर्षांपासून यावर एक साधा उपाय काढला आहे. त्या दिवशी घरात एकच गोड पदार्थ करायचा, आणि तोही असा की एकट्या माणसाचे हात त्याला अपुरे पडावेत. आमच्या लग्नाला या मे महिन्यात २२ वर्षे झाली. बाविसाव्या वर्षीही आम्ही तोच पदार्थ केला. तो म्हणजे आंब्याचे मेरिंग टार्ट.

नाव ऐकून कोणी बिचकू नये. टार्ट म्हणजे खुसखुशीत पिठाची छोटी वाटी. तिच्यात लिंबाचे आंबटगोड सारण, सारणावर फळाच्या फोडी आणि सर्वांत वर अंड्याच्या पांढऱ्याचा, साखर घालून फेटलेला फेस. या फेसाला मेरिंग म्हणतात. आमच्यातली एक गेली सात वर्षे केक बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. आधी ती तिथे पत्रे आणि साचे धुवायची, आता टेबलावर काम करते. दुसरा भोसरीत लेथवर आहे. म्हणजे एकीच्या हातात कला आणि दुसऱ्याच्या मनगटात जोर, अशी आमची विभागणी.

टार्टची वाटी आपल्याला परकी नाही. ती आपल्या नानकटाईची बहीणच. आमच्यातली एक पिंपरीच्या वस्तीत वाढली. दिवाळीच्या आधी वस्तीतल्या बाया मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यात घालून बेकरीवर जायच्या. भट्टीपुढे रांग असायची. आपले पीठ आपल्यासमोर मळून घ्यायचे, गोळे पत्र्यावर मांडायचे, आणि रात्री उशिरा गरम डबा पोटाशी धरून घरी यायचे. मैदा आणि तूप नीट चोळले की खुसखुशीतपणा येतो, हे त्या बायांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते. टार्टच्या पिठात साखर कमी आणि थोडे पाणी जास्त, एवढाच फरक.

आता आंबाच का? कारण आमचे लग्न मे महिन्यातले. बौद्ध पद्धतीच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही, माणसे जमायला सवड लागते. आमच्यातल्या दुसऱ्याचे घर बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीचे. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामे व्हायचे आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात, माणसे परत यायची. म्हणून तिकडची लग्नकार्ये एप्रिल-मेमध्ये. त्याच दिवसांत मराठवाड्याचा केसर आंबा उतरतो. लग्नाची तारीख आणि आंब्याचा पाड अशी आपोआप सांगड बसली.

ऊसतोडीत एक शब्द आहे, तो वाचकांपैकी अनेकांनी घरात ऐकला असेल. तो शब्द म्हणजे ‘कोयता’. कोयता हे हत्याराचे नाव, पण मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती कोयत्याला. मजुरी धरतात ती कोयत्याने तोडलेल्या टनांवर. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. पहाटे तीनला उठून कोपीपुढे भाकरी थापते ती वेगळीच. दोघांपैकी एक आजारी पडले तरी खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. चार हात, दोन पोटे, पण मोजणीला एक. एकट्या पुरुषाला धरतात तो ‘अर्धा कोयता’. आमची आई आणि बाबा असे पंचवीस-तीस पट्टे एक कोयता होते.

पदार्थ करायला बसलो की हे आठवतेच, कारण यात साखर बरीच लागते. आमच्या बारा टार्टना सगळी मिळून पाव किलोच्या आसपास साखर लागते. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते. म्हणजे पाव किलोला अडीच किलोभर ऊस, शेतातले दोन ऊस म्हणा. त्या दोन उसांना बुडाशी कोणीतरी घाव घातला, वरचे वाढे छाटले, पाचट सोलले. मेरिंग हा युरोपातला पदार्थ. फ्रान्समधल्या फ्रांस्वा मासियालो या आचाऱ्याच्या १६९२ साली छापलेल्या पुस्तकात हे नाव सापडते. त्या काळी युरोपात जाणारी साखर कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या कष्टावर बनत असे. साखर तिकडची असो की इकडची, तिच्यामागे कोणाचे तरी वाकलेले पाठीचे कणे आहेत. म्हणून साखर खाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी ऊस तोडला त्यांच्या घरात या साखरेचा चांगला पदार्थ व्हायलाच हवा, असे आम्ही म्हणतो.

तर आता कृती.

वाटीसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, दोन मोठे चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि एका अंड्याचा पिवळा बलक. बाजारचे खारे बटर घेतले तर मीठ घालू नये. मे महिन्यात लोणी लगेच पाझरते, म्हणून हे काम आम्ही पहाटे, घर थंड असताना करतो. मैद्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. तळवा लावू नये, तळव्याची ऊब लोणी वितळवते. रव्यासारखे झाले की साखर, बलक आणि एक-दोन चमचे गार पाणी घालून गोळा जमवावा. मळू नये, नाहीतर वाटी चिवट होते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. मग भाकरीपेक्षा पातळ आणि पोळीपेक्षा जाड लाटून साच्यांत बसवावा. साचे नसतील तर स्टीलच्या पसरट छोट्या वाट्या चालतात. तळाला काट्याने टोचे मारावेत, वर कागद ठेवून त्यात कोरडे हरभरे भरावेत, म्हणजे तळ फुगत नाही.

ओव्हन असेल तर १८० अंशावर पंधरा-अठरा मिनिटे. नसेल तर जुने जाड बुडाचे पातेले घ्यावे. रोजचा कुकर यासाठी कोरडा तापवू नये. पातेल्यात बोटभर जाडीचा मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण. दहा मिनिटे तापवून साचे ताटलीत मांडून आत ठेवावेत आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे भाजावे. शेवटची काही मिनिटे हरभरे काढून टाकावेत. कडा बदामी झाल्या की झाले. वरून रंग थोडा फिका राहतो, चवीत उणे राहत नाही. ते मीठ डब्यात भरून पुढच्या वेळी भाजायलाच वापरावे.

सारणासाठी दोन अंड्यांचे बलक, पाच मोठे चमचे साखर, दोन-तीन लिंबांचा रस आणि एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर. हे स्टीलच्या भांड्यात एकत्र करावे, अॅल्युमिनियम नको, लिंबाने कळकट चव येते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर हे भांडे ठेवून सतत ढवळावे. आठ-दहा मिनिटांत ते चमच्याला चिकटून राहील इतके दाट होते. खाली उतरवून ४० ग्रॅम लोणी घालावे आणि गार करावे.

हिशोब पाहा. अंडी तीन. एक बलक पिठात, दोन बलक सारणात, आणि तिन्ही पांढरे मेरिंगला. काही फुकट जात नाही.

मेरिंगला आता दुसऱ्याचे मनगट. भांडे आणि तारेचे बीटर लिंबाने पुसून कोरडे करावे. पांढऱ्यात बलकाचा थेंब किंवा तुपाचा अंश राहिला तर फेस चढत नाही. तीन पांढऱ्यांना १५० ग्रॅम बारीक साखर. पुन्हा उकळत्या पाण्यावर भांडे धरून ढवळत राहावे. बोटांच्या चिमटीत साखरेचा कण लागेनासा झाला आणि मिश्रण चटका बसण्याइतके गरम झाले की उतरवावे. असे गरम केल्याने अंडे कच्चे राहत नाही आणि फेसही टिकाऊ होतो. मग फेटायला घ्यावे. वीजेचे बीटर असेल तर सात-आठ मिनिटे. आमच्याकडे हाताचे आहे. त्याला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि तो वेळ एका हाताचा नाही. आम्ही आळीपाळीने फेटतो. एक दमला की दुसरी घेते. लेथवरचा हात आधी दमतो, पोळ्यांचा हात नंतर, हे आम्ही दरवर्षी पाहतो. भांडे गार होईपर्यंत फेस पांढराशुभ्र, तकतकीत आणि ताठ होतो. बीटर वर उचलले की शेंडा उभा राहतो.

खायच्या तासाभर आधी वाट्या भराव्यात. आधी लिंबाचे सारण, त्यावर केसर आंब्याच्या फोडी. फोडी कापडाने टिपून घ्याव्यात, रसाने वाटी मऊ पडते. वर मेरिंगचा डोंगर. ओव्हनच्या वरच्या आचेत दोन-तीन मिनिटांत टोके तांबूस होतात. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी उलथणे गॅसवर लालबुंद करून टोकांना हलकेच टेकवावे. साखर करपल्याचा छान वास सुटतो. वळवाचा पाऊस येण्याआधी खाऊन घ्यावे. साखर हवेतले पाणी ओढते, दमट हवेत मेरिंगला घाम फुटतो.

यंदा आमच्या आईला, म्हणजे एकाच्या आईला आणि दुसरीच्या सासूला, बशीत टार्ट दिले. आधी तिने फेसाला बोट लावून पाहिले. ‘कापूस हाय का काय?’ म्हणाली. साखर आहे म्हटल्यावर जरा थांबली. आम्ही विचारले, ‘आई, तुझ्या लग्नाची तारीख कोणती?’ ती म्हणाली, ‘तारीख कुठली? उसाहून आल्यावर झालं. दुष्काळाच्या आदल्या साली.’ १९७२ चा दुष्काळ. म्हणजे १९७१ चा उन्हाळा. दिवस कोणालाच ठाऊक नाही, तो लिहून ठेवणारेही कोणी नव्हते. मग ती आपणहून बोलली, ‘मुकादमाच्या वहीत तुझ्या बापाचंच नाव व्हतं. माझं न्हाई.’

यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. बाबा जाऊन नऊ वर्षे झाली. आम्ही तिच्या बशीत आणखी एक टार्ट ठेवले. ‘हे बाबांच्या वाट्याचं,’ म्हटले. तिने दोन्ही खाल्ली, आणि हात धुताना म्हणाली, ‘आंबट जरा जास्त हाय.’

आता ठरले आहे की आमचा दिवस तोच तिचाही दिवस. कॅलेंडरवर त्या तारखेला आम्ही चार नावे लिहिली आहेत. तिचे नाव सर्वांत वर.

वाचक बंधू-भगिनींनो, टार्टच करा असा आमचा आग्रह नाही. शेवयांची खीर करा, नानकटाई करा, जे परवडेल ते करा. पण दोघांनी मिळून करा. बायको लाटत असेल तर नवऱ्याने फेटावे, नवरा भांडी घासत असेल तर बायकोने पाय पसरून बसावे. मुलांना ते दिसू द्या. आणि घरात आई-वडील, सासू-सासरे असतील तर त्यांना त्यांच्या लग्नाचा दिवस आजच विचारा. तारीख सांगता आली नाही तर साल विचारा, ऋतू विचारा, आणि एका वहीत दोघांची नावे शेजारी शेजारी लिहून ठेवा.