चौथ्या अक्षराचा थांबा

भिलाईच्या कोहक्यात आषाढ दोनदा लागतो. छत्तीसगढी घरात ज्येष्ठ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी; शेजारच्या मराठी घरात पंधरवड्याने, अमावास्या उलटल्यावर. कालिदासाच्या ‘मेघदूता’त रामगिरीवरच्या यक्षाला आषाढाच्या पहिल्या दिवशी मेघ दिसला, तो यांतल्या कोणत्या दिवशी? रामगिरीही दोन आहेत. पश्चिमेला नागपूरजवळचे रामटेक, ईशान्येला सरगुजातले रामगढ. नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी रामटेकची बाजू मांडली. रामगढचे अभिमानी तिथली सीताबेंगरा गुहा दाखवतात.

डोंगर कोणताही ठरो, ‘मेघदूता’ची चाल ठरलेलीच आहे.

मंदाक्रांता वृत्त. चरणात 17 अक्षरे, यती, म्हणजे थांबे, 4, 6 आणि 7 अक्षरांवर. पहिली चारही अक्षरे गुरू. जीभ एकेकावर पाय रोवून उभी राहते. मग सलग पाच लघू येतात, चरण एकदम धावत सुटतो आणि दहाव्या गुरूवर अडतो. उरलेल्या सातांत लघू दोनच, त्यामुळे तो डुलत डुलत, अंग सैलावत खाली उतरतो. पाण्याने जडावलेला ढगही असाच हलतो: आधी जागचा निघत नाही, वारा मिळाला की सरकतो, पुन्हा रेंगाळतो. वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहूनच पुढे जा, असे यक्ष मेघाला विनवतो. घाई न करण्याची ती विनवणी वृत्त प्रत्येक चरणात स्वतः पाळते. कालिदासाची खरी थोरवी इथे आहे; नुसत्या उपमांत ती शोधणाऱ्यांना निम्माच कवी भेटतो.

मराठीत हे पेलणे कठीण. ‘मेघ’ म्हणताना आपण शेवटचा अकार गिळतो, वृत्तात तो पुरता उच्चारावा लागतो. ‘ने’, ‘ला’, ‘ची’ हे प्रत्यय गुरू, म्हणून सलग पाच लघू जुळवताना अनुवादकाची दमछाक होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेल्या चिंतामणराव देशमुखांनी तरीही समवृत्त अनुवाद केला. शांता शेळके यांनी मात्रावृत्त घेतले. त्यांचा अनुवाद गोड आहे, अर्थ झुळझुळ वाहतो. पण चौथ्या अक्षरावरचा तो भारदस्त थांबा त्यात उरत नाही, आणि ती हानी मोठी आहे.

येत्या आषाढात, दोहोंपैकी कोणत्याही पहिल्या दिवशी, पूर्वमेघातले उज्जयिनीचे श्लोक मोठ्याने म्हणून पाहा. चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर मात्र नक्की थांबा.