मी सहमत आहे!

सदाशिव पेठेतील पाट्यांची उभ्या महाराष्ट्राने टिंगल केली आहे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, फाटकासमोर वाहन लावू नये, पत्ता विचारू नये, अशा सूचना वाचून बाहेरगावचा माणूस हसतो आणि गावी जाऊन त्यांत पदरच्या दोन घालून सांगतो. मला मात्र या पाट्यांविषयी आदर वाटतो. काय करू नये आणि केल्यास काय होईल, एवढे दोनच मुद्दे. तेही मराठीत, ठळक अक्षरांत आणि दाराबाहेर. आत पाऊल टाकण्यापूर्वीच सारा व्यवहार कळतो. न पटल्यास पुढची गल्ली मोकळीच असते.

आपल्या हातातला मोबाइल याच्या अगदी उलट, फार सभ्य आहे. तो कुणाला 'नको' म्हणत नाही. साधे विजेरीचे अ‍ॅप घ्यावे, तर ते आपल्याकडचे सगळे फोन नंबर, छायाचित्रे आणि ठावठिकाणा अदबीने मागून घेते. अंधारात उजेड पाडायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो, हे मात्र सांगत नाही. खाली इंग्रजी अटींचे पुराण आणि त्याच्याही खाली एक बटण : 'मी सहमत आहे'. 'मी सहमत नाही, पण विजेरी हवी आहे' असे बटण अजून कुणी काढलेले नाही.

या सहमतीची दुसरी आवृत्ती पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात निघते. कॉट बेसिसवर खोली हवी? आधारची प्रत द्या. अभ्यासिकेत खुर्ची हवी? प्रत द्या. आधारचे पहिले कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी एका महिलेला देण्यात आले; म्हणजे या बारा आकड्यांचे माहेर महाराष्ट्रच. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा टिकवला, पण बँक खाते आणि मोबाइलसाठीची सक्ती रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने 'स्वेच्छेने' दिल्यास चालेल, असे ठरले. हा शब्द मोठा गमतीचा आहे. सामान रस्त्यावर, उद्या परीक्षा आणि खोली एकच शिल्लक, अशा वेळी माणसाच्या अंगी स्वेच्छा आपोआप येते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सल्ला दिला की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड' आधार वापरा. दोन दिवसांत तो सल्ला मागे घेण्यात आला. लोकांचा गैरसमज होईल, असे कारण देण्यात आले. 'मास्क्ड' आधार मिळण्याची सोय आजही आहे. ते कुणी मागत नाही, इतकेच.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येते. पण बीड जिल्ह्यातील आमच्या गावी एक प्रकार घडला, त्याला हसता येत नाही. गल्लीतील एका शेजाऱ्याने खतासाठी मोबाइलवरूनच थोडे कर्ज काढले. हप्ता थकला तेव्हा फोन गेले ते त्याच्या साडूला, मुलीच्या मास्तरांना आणि आमच्या अण्णांना. फोनवरचा माणूस अण्णांशी ज्या भाषेत बोलला ती या अंकात छापता येणार नाही. अण्णांनी कर्ज घेतले नव्हते, ते जामीन राहिले नव्हते, कसले बटणही त्यांनी दाबले नव्हते. शेजाऱ्याच्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता, एवढाच त्यांचा गुन्हा. शेजारी पुढे महिनाभर पारावर फिरकला नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधील नंबरांची यादी पाहायला मनाई केली आहे. पण जी अ‍ॅप रिझर्व्ह बँकेलाच ओळखत नाहीत, त्यांना ही मनाई कुणी वाचून दाखवावी?

तेव्हापासून आमच्या घरी फोनवर काहीही उमटले की ते माझ्यापुढे येते. ''बघ गं बाई, काय म्हणतंय हे,'' अण्णा म्हणतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे साऱ्या घराच्या सहमतीचे मुखत्यारपत्र माझ्याकडे. मी सांगायचे आणि त्यांनी दाबायचे. कागदोपत्री सहमत अण्णा, प्रत्यक्षात सहमत मी. आणि खरे म्हणाल तर त्या वकिली इंग्रजीपुढे मी तरी कितीशी सहमत?

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, असे म्हणतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यासाठी अर्ज केला होता. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल मोडीत काढला. आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबले तरी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे तो निकाल म्हणत होता, आणि त्यावर सही होती ती त्यांचे वडील, पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड यांची. वडिलांनी सही केलेला कागद मुलाने पुन्हा वाचावा, यात अनादर नाही, हे मला त्यावरून पटले.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो जमा होणार सरकारी तिजोरीत, अण्णांच्या वाट्याला त्यातली दमडी नाही. उलट अण्णांनी खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर त्यांनाच १० हजारांपर्यंत दंड! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीची कलमे लागू करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. पाटी रंगवायला पेठेत एक दुपार पुरते. असो.

तरीही त्या कायद्यातील एका कलमावर माझा जीव जडला आहे. संमती मागताना भाषा साधी हवी, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत ती सूचना वाचण्याची सोय हवी, असे ते म्हणते. मराठी त्यांत आहे. आता प्रश्न एवढाच, की मराठी कोणते? 'उपरोक्त बाबींच्या अनुषंगाने' या थाटाचे आले, तर अण्णा फोन पुन्हा माझ्याच हाती देतील.

आम्हा कला शाखेच्या मुलांना 'बी.ए. करून पुढे काय?' असे सारखे विचारले जाते. माझ्या मते हे एक काम आमच्यासाठीच राखून ठेवलेले आहे. कुणीतरी त्या अटी सरळ मराठीत लिहायला हव्यात : 'तुमच्या फोनमधले सगळे नंबर आम्ही घेऊ. हप्ता चुकला तर त्या सगळ्यांना फोन करू.' एवढी दोन वाक्ये आमच्या शेजाऱ्याच्या नजरेस पडली असती, तर त्याने खत उधारीवर आणले असते.